जमादारानं चढवलेली सायकल

मी शाळेत गेले नाही. वाचायला शिकले ते परवान्यांवर. माझे मालक गावोगाव सात दिवसांची सायकल चालवायचे, आणि सायकल चालवायची म्हणजे आधी कागद गोळा करायचे. लेकरं कमळ, बदक शिकतात. मी अर्जदार, मुदत, सदर असले शब्द शिकले. हा 'सदर' प्रत्येक कागदात असायचाच. मला लय दिवस वाटायचं, कचेरीतला कोणी मोठा साहेब असेल, त्याच्याशिवाय काही हलत नसेल.

आताच्या पोरांना सात दिवसांची सायकल म्हणजे काय ते सांगावं लागतं. गावाच्या मोकळ्या जागेत मधोमध एक बांबू रोवायचा, भोवती दोरी बांधायची, आणि माणसानं सायकलवर बसून त्या बांबूला फेरे घालायचे. सात दिवस, पाय जमिनीला टेकवायचा नाही. आंघोळ सायकलवर, दाढी सायकलवर, भाकरी सायकलवर. झोप म्हणावी तर तीही डुलत डुलत तिथंच. संध्याकाळी गाव जमलं की भोंग्यावर गाणी लावायची आणि खेळ करायचे. मालक हँडल सोडून सीटवर उभे राहायचे, जमिनीवर ठेवलेली नोट चालत्या सायकलवरून दातानं उचलायचे. तिकीट नसायचं. लोक खुशीनं देतील ते घ्यायचं, कोणी जोंधळे, कोणी तूर, कोणी अंगावरचा शर्ट. बायका मला बाजूला घेऊन हळूच विचारायच्या, परसाकडला कसं जातेत गं? ते मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, आता तरी कशाला सांगू. धंद्याची गोष्ट आहे.

जागा सरकारी, नाही तर गावठाणाची, म्हणून ग्रामपंचायतीची पावती लागायची. भोंगा आणि गर्दी म्हणून पोलीस चौकीचा परवाना लागायचा. आणि करमणूक म्हणून परभणीच्या कचेरीचा कागद. त्या कचेरीत एका कारकुनानं आम्हाला एकदा अख्खा दिवस बसवून ठेवलं होतं. त्याचा सवाल असा, की ही सायकल वाहन की करमणूक? वाहन म्हणावं तर ती जाते कुठं, बांबूभोवतीच तर फिरते. करमणूक म्हणावी तर तिकीट कुठंय? तिकीट नाही तर कर कशावर लावायचा? बरं, कर लावायचा नसेल तर कर माफ आहे असा कागद द्यावा लागतो, आणि त्या कागदाची वेगळी फी. मालक हात जोडून म्हणाले, "साहेब, फुकट हाय म्हनायची फी घ्या, पण आमाला सोडा." बाकीचे कारकून हसले. हा हसला नाही, पण कागद दिला.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच घडलं. पहिल्या दिवशी गावातल्या एखाद्या वजनदार माणसाच्या हातानं नारळ फोडायचा. त्यानंच मालकांचा दंड धरून त्यांना सायकलवर चढवायचं. आणि मुदत भरली की त्याच माणसानं, त्याच हातानं उतरवायचं. मधी दुसऱ्या कुणी उतरवलं, किंवा स्वतःच पाय टेकला, तर सायकल मोडली म्हणायचे. मोडलेल्या सायकलवाल्याला पुढची गावं जागा देत नसत. बातमी आमच्या आधी पोचलेली असायची, एसटीच्या कंडक्टरबरोबर, बाजाराला गेलेल्या माणसाबरोबर. मालकांकडं दुसरी इस्टेट नव्हती. एवढ्या वर्षांत एकदाही सायकल मोडली नाही, हीच त्यांची इस्टेट.

ते वर्ष नामांतराचं. विद्यापीठाचं नाव बदलायचं की नाही, यावरून सगळा मराठवाडा किती तरी वर्षं धुमसत होता आणि त्या हिवाळ्यात तर लय ताणलं होतं. गावागावात लोक दोन झाले होते. आमच्या बांबूच्या टोकाला एक झेंडा असायचा, नुसता लांबून दिसावा म्हणून. पण त्या दिवसांत लोक आधी झेंड्याचा रंग बघायचे, मग पाय पुढं टाकायचे की मागं ते ठरवायचे. शेवटी मी माझ्या फाटक्या लुगड्याचा फुलाफुलाचा तुकडा लावला. फुलांना कुणी काही विचारलं नाही.

परवाना मात्र कुठंच मिळेना. सोनपेठच्या बाजारात आम्ही बिऱ्हाड टाकून बसलो होतो. ज्या गावाला जावं तिथं एकच उत्तर, आत्ता गर्दी नको. शेवटी पिंगळीजवळच्या एका गावानं जागा देतो म्हणलं. तिथला सरपंच भला माणूस, पण भ्यालेला. म्हणाला, पावती फाडतो, पण नारळाला मला पुढं करू नका. मी फोडला तर निम्मं गाव येणार नाही. मालकांनी विचारलं, मग दुसरं कोण? तो म्हणाला, दुसऱ्यानं फोडला तर राहिलेलं निम्मं येणार नाही.

तेव्हा मालकांनी डोकं चालवलं. चौकीचा एक जमादार होता. दिसेल त्या सायकलीचं टायर अंगठ्यानं दाबून बघायची त्याला खोड. आमच्या सायकलीचंही दाबून, हवा कमी हाय म्हणाला होता. मालक मला म्हणाले, "परवाना पोलिसाचा, तर हातबी पोलिसाचाच घिऊ. मंग आडवं कोण येतंय?" मलाही ते पटलं. जमादार दोन्हीकडचा नाही, आणि त्याच्या हातानं चढलेल्या माणसाला कोण काय म्हणणार? जमादारालाही मोठा मान वाटला. त्यानं गणवेशातच नारळ फोडला आणि मालकांचा दंड धरून असं चढवलं, की जणू नवरदेवालाच घोड्यावर बसवायलाय.

पहिले दिवस बरे गेले. गाव आलं. एका अंगाला हे बसले, दुसऱ्या अंगाला ते बसले, एकमेकांकडं बघत नव्हते, पण मालक एका फेऱ्यात दोघांच्याही समोरून जायचे. नोट उचलली की टाळी दोन्हीकडून पडायची.

मग एका सकाळी जीप आली. जमावबंदी लागली होती, पाच माणसं एका जागी दिसायची नाहीत. चौकीतली माणसं बंदोबस्ताला परभणीला चालवली होती आणि जमादारही त्यात. पोलिसांच्या गाडीत मागं उभा राहून तो मालकांना ओरडून सांगत गेला, की येतो मी उतरवायला, काळजी करू नको.

त्याच्या जागी नवा फौजदार आला. तरणाच होता. त्यानं दोरीजवळ उभं राहून हुकूम द्यायला सुरुवात केली, पण मालक काही थांबू शकत नव्हते. अर्धं वाक्य झालं की ते बांबूच्या पलीकडं जायचे. शेवटी फौजदार दोरी ओलांडून आत आला आणि सायकलच्या शेजारून चालत, गोल गोल फिरत हुकूम सांगायला लागला. भोंगा बंद. जमाव नको. मालक म्हणाले, "साहेब, जमाव कुठाय? मी एकटाच हाय." फौजदारानं एक फेरा विचार केला. म्हणाला, एकटा माणूस कायद्यात बसतो, फिर. पण मुदत संपली की दुसऱ्या दिवशी सकाळी जागा रिकामी दिसली पाहिजे, नाही तर सायकल उचलून नेईन.

तेव्हापासून मैदान ओस पडलं. सायकलच्या साखळीचा आवाज मी त्या आधी कधी ऐकलाच नव्हता, भोंग्यात तो बुडून जायचा. आता दिवसभर तेवढाच. लोक घराच्या फटीतून बघायचे आणि दार लावून घ्यायचे. आमच्याकडं येत होती ती फक्त एक म्हातारी, तिचं दार त्या मैदानातच उघडायचं. ती सकाळी भाकरी आणि मिरचीचा ठेचा आणून द्यायची आणि दोरीला धरून बसायची. कुणी तिला हटकलं तर म्हणायची, मी रांडमुंड एकटी बाई, माझा कसला जमाव.

मुदतीचा शेवटचा दिवस आला आणि जमादार आला नाही. पिंगळीकडून येणाऱ्या रस्त्यावर डोळे लावून मी बसले. दुपार झाली, ऊन उतरलं. मी सरपंचाच्या घरी गेले, तुम्ही तरी या म्हणाले. तो उंबऱ्याच्या आतूनच म्हणाला, हात जमादाराचा, मी कसा लावू? आणि बरोबरच होतं त्याचं.

मी परत आले आणि मालकांना म्हणाले, "आवो, उतरा आता. इथं कोण बघायलंय?"

फेरा घालून परत माझ्यासमोर आले तेव्हा म्हणाले, "मी बघायलोय न्हवं."

ते पुन्हा बांबूच्या पलीकडं गेले. मी कितीदा बोलायला तोंड उघडलं, पण माझं बोलणं पुरं व्हायच्या आत ते लांब जायचे. त्या दिवशी मला कळलं, नवऱ्याशी भांडायलाही तो एका जागी असावा लागतो. त्यांना उतरता येत नव्हतं, मला सोडून जाता येत नव्हतं, आणि फौजदार सकाळी येणार होता.

सकाळी त्यांच्याकडं बघितलं. पाय सुजून चपलेत मावत नव्हते. ओठ फुटले होते. मी काही विचारलं तर उत्तर पुढच्या फेऱ्याला यायचं, तेही अर्धं. हँडल ते वळवतच नव्हते. सायकलला वाट पाठ झाली होती, तीच त्यांना घेऊन फिरत होती. मला वाटलं, हा माणूस असाच बसल्या जागी संपायचा आणि सायकल तरी थांबायची नाही.

फौजदार आला. मी त्याच्या पाया पडले. जमादाराला घेऊन येते, दिवस मावळेपर्यंत थांबा म्हणाले. तो मालकांकडं बघत राहिला. म्हणाला, दिवस मावळेपर्यंत, पुढं नाही. म्हातारी म्हणाली, "जा माय तू. मी बसते ह्याच्यापशी. झोपायला लागला की शिव्या देते."

पिंगळीचं स्टेशन पायी गाठलं. एसट्या बंद होत्या, रेल्वे तेवढी चालू होती. परभणीला उतरले तर शहर मेल्यासारखं. दुकानांची दारं लावलेली, जिकडं बघावं तिकडं खाकी. एका चौकात मला अडवलं. कुठं चाललीस? म्हणलं, जमादाराला हुडकायलेय. काय काम? म्हणलं, माझ्या नवऱ्याला उतरवायचंय. तो शिपाई म्हणाला, "कशावरून, झाडावरून का?" मी सांगितलं, सायकलवरून. त्यानं शेजारच्याला बोलावून मला परत सांगायला लावलं. असं प्रत्येक चौकात झालं. पण हसून का होईना, त्यांनीच मला एकाकडून दुसऱ्याकडं धाडत शेवटी त्याच्यापर्यंत पोचवलं.

जमादार एका बंद दुकानाच्या पायरीवर बसला होता. बुटाच्या नाड्या सोडलेल्या, दाढी वाढलेली. मला बघून आधी ओळखलंच नाही. ओळखल्यावर म्हणाला, "काय गं बाई? उतरला न्हवं त्यो?"

"कुणाच्या हातानं उतरंल?"

त्याचं तोंड उघडंच राहिलं. "आजून फिरायलाय?"

मी मान हलवली. तो उठून उभा राहिला, दोन पावलं चालला आणि थांबला. म्हणाला, "मला हितून हलायची इजाजत न्हाई. ह्या पायरीपसून त्या पानपट्टीपत्तर, एवढंच माझं. चार-पाच दिस झाले, मीबी हितंच चकरा मारायलोय." त्यानं त्याच्या साहेबाला विचारायला माणूस पाठवला. उत्तर आलं, नाही म्हणून. मी रस्त्यातच खाली बसले. रडले वगैरे नाही. फक्त उठायला काही कारण दिसेना.

जमादार माझ्यासमोर उकिडवा बसला. मग म्हणाला, "पोरगी देताना बाप काय करतो? पाणी सोडतो का न्हाई हातावर? दान करताना पाणी सोडतो का न्हाई? मंग हातबी देता यील की."

शिपायांसाठी तिथं पाण्याचा माठ ठेवला होता. त्यानं टोपी काढून पायरीवर ठेवली, पेला भरून आणला आणि मला म्हणाला, उजवा हात पुढं कर. बाकीचे शिपाई हसत जवळ आले होते, त्यांना त्यानं साक्षीला उभं केलं. माझ्या हातावर पाणी सोडत म्हणाला, "ज्या हातानं मी त्याला चढवला, त्यो हात मी हिला दिला. आता उतरवायचा हात हिचा." मग माझी मूठ त्यानंच मिटवली. "वाटंत कशाला लावू नको. थेट त्याच्या दंडाला."

आता हसू येतं, पण मी ती मूठ उघडली नाही. तिकीट डाव्या हातानं काढलं. डब्यात चढताना दांडा डाव्या हातानं धरला, तर पडता पडता राहिले. समोरची बाई सारखी माझ्या मुठीकडं बघत होती, शेवटी म्हणाली, काय हाय गं त्यात? मी म्हणलं, पोलिसाचा हात. ती सरकून बसली. मूठ आवळून आवळून बोटांना मुंग्या आल्या. जमादारानं हे मला गप्प करायला केलं असेल तर? मालकांनी मानलंच नाही तर? ह्या मुठीत काही आहे की नाही, हे ठरवणारा एकच माणूस होता, आणि तो तिकडं फिरत होता.

मी पोचले तेव्हा ऊन पिवळं पडलं होतं. फौजदार दोन शिपायांना घेऊन दोरीपाशी उभाच होता. म्हातारीचा आवाज बसला होता, शिव्या देऊन. मी दोरीच्या आत गेले आणि मालकांच्या बरोबरीनं चालत सगळं सांगितलं. जमादार येऊ शकत नाही, त्यानं हात मला दिला, पाणी सोडलं, साक्षीला माणसं होती.

एक फेरा गेला. दुसरा गेला. फौजदारानं हाक मारली, "बाई, उरक लवकर."

तिसऱ्या का चौथ्या फेऱ्याला त्यांनी विचारलं, "सोत्ताहून म्हनला त्यो?"

"सोत्ताहून. टोपी काढून."

त्यांनी पाय मारायचे थांबवले. सायकल हळू होत होत माझ्यापाशी आली. मी मूठ उघडली आणि त्यांचा दंड धरला. त्यांचं सगळं अंग माझ्यावर आलं. आम्ही दोघंही खाली बसलो, बसलो काय, पडलोच. सायकल तशीच थोडी पुढं गेली आणि आडवी झाली. हार नाही, भोंगा नाही. म्हातारीनं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. फौजदारानं आम्हाला मोजलं, जास्त नव्हतो, मग तोंड फिरवून जीपकडं गेला.

म्हातारीच्याच ओसरीवर मालकांना निजवलं. निजल्यावरही पाय फिरत होते. म्हातारी तेल लावायची, धरून ठेवायची, म्हणायची गप ठिव की रे. ते म्हणायचे, माझं ऐकंनात, मावशी.

जमावबंदी उठल्यावर महिनाभरानं आम्ही पुढच्या एका गावाला गेलो. ग्रामपंचायतीत पाच-सहा जण बसले होते. अर्ज मी वाचून दाखवला. जागा होती, तारीख मोकळी होती. पण त्यांच्यातल्या एकानं विचारलंच, मागच्या गावात कुणी उतरवलं म्हणतेत? त्याला माहीत असणार, विचारण्याची ढबच तशी होती. मालक जमादार म्हणू शकत होते. खोटं झालं नसतं. ते म्हणाले, "हिनं."

मी घाईनं पाण्याचं, साक्षीचं सगळं सांगायला लागले. पण तो माणूस म्हणाला, "बायकोनं उतरवलं, मंग चढवंल बी बायकोच. आमचं काय काम?" जो तो हसायला लागला. वाईट माणसं नव्हती, चहा पाजला. अर्ज घडी करून परत दिला, बघू पुढच्या वर्षी म्हणाले.

बाहेर आल्यावर मी चिडले. म्हणाले, जमादाराचं नाव घ्यायला काय झालं होतं? हात त्याचाच होता की. मालक सायकल हातात धरून चालत होते. म्हणाले, "हात त्याचाच व्हता गं. पण दंडाला बांगड्या रुतल्या, त्या तुझ्या."

रागानं म्हणाले नाहीत. ते जे होतं तेवढंच सांगत होते. पुढं आणखी दोन-चार गावं केली, सगळीकडं चहा मिळाला, जागा नाही. मी त्यांना जिवंत खाली आणलं, हे खरं. पण जमादारानं मला हात दिला तो उतरवायचा. परत चढवायचा हात माझ्याकडं नव्हता, आणि मागायचा कुणाला तेही ठाऊक नव्हतं.

परभणीच्या स्टेशन रस्त्याला एका लिंबाखाली आम्ही पंक्चर काढायचं दुकान मांडायचं ठरवलं. दुकान कसलं, एक पेटी, एक पंप, एक घमेलं पाणी. पण झाडाखालची जागाही नगरपालिकेची, म्हणून पावती लागणार, फी लागणार. खिडकीतला कारकून अर्ज भरत होता. नाव झालं, गाव झालं, मुदत एक वर्ष. मग त्यानं मान वर न करता विचारलं, धंदा फिरता की बैठा? दोन्हीची फी वेगळी होती.

मी मालकांकडं बघितलं. मागं रांगेत लोक खोळंबले होते. कारकुनानं दुसऱ्यांदा विचारलं.

"बैठा लिवा," मालक म्हणाले.